वस्तू पास, काम कट

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. अपघात झालेली गाडी पाहायची, गॅरेजने दिलेलं एस्टिमेट ओळीओळीने तपासायचं, जे देय आहे ते लिहायचं आणि बाकीच्यावर रेघ मारायची, हे माझं काम. छत्रपती संभाजीनगर आणि जालना या दोन जिल्ह्यांतले गॅरेजवाले मला ‘कापणारा’ म्हणूनच ओळखतात आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. एस्टिमेट फुगवलेलं असणार हे धरूनच कंपनी मला पाठवते, आणि मी कापणार हे धरूनच गॅरेजवाला ते फुगवतो. दोघांनाही एकमेकांची चाल पाठ असते.

यात माझा एक जुना नियम होता. वस्तू असेल तर पास, नुसतं काम असेल तर शंका. बंपर फुटला असेल तर तो दिसतो, हातात धरता येतो, बदलल्यावर जुना सॅल्व्हेजमध्ये जमा करून घेता येतो. ‘प्रोग्रामिंग’, ‘कोडिंग’, ‘कॅलिब्रेशन’ अशा ओळी आल्या की मात्र माझा हात आपोआप कापायला जायचा. ते काम झालं की नाही, हे नंतर पाहायला माझ्याकडे काही उरत नसे. ज्याची खातरजमा होत नाही ते देय नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं.

पुढच्या काचेमागच्या कॅमेऱ्याने हा नियम उलटा करून टाकला. आता माझ्या रिपोर्टात बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या किमतीपुढे प्रश्नचिन्ह असतं आणि कॅलिब्रेशनची ओळ जशीच्या तशी पास झालेली असते. क्लेम डेस्कवरची तरुण मुलं फोन करतात, “सर, पार्ट नाकारलात आणि लेबर पास केलंत. टायपिंगमध्ये उलटंपालटं झालंय का?” झालेलं नाही.

हा कॅमेरा म्हणजे आतल्या आरशाच्या मागे, काचेला चिकटवलेल्या ब्रॅकेटमध्ये बसवलेली एक काळी पेटी. वायपर पुसतो त्याच पट्ट्यातून ती बाहेर पाहते. बहुतेक गाड्यांत भिंग आणि चित्र समजून घेणारा प्रोसेसर एकाच पेटीत असतात आणि ती उघडून दुरुस्त करायची सोय नसते. लेनच्या रेघा, पुढची गाडी, माणूस, वेगमर्यादेची पाटी हे सगळं ओळखून ती स्टिअरिंगला आणि ब्रेकला कळवते. काही गाड्यांत जोडीला बंपरमध्ये रडार असतं, काहींत सगळा भार एकट्या कॅमेऱ्यावर. होंडा सिटीची हायब्रिड आपल्याकडे २०२२ मध्ये आली ती रडारशिवाय. २०२० ची एमजी ग्लॉस्टर आणि २०२१ ची महिंद्रा एक्सयूव्ही ७०० येईपर्यंत ॲडास, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या अशा यंत्रणा, हा शब्द आमच्या एस्टिमेटांत सहसा दिसत नसे. २०२४ च्या जानेवारीत नव्या क्रेटात ते आलं आणि मग डॉक्टर, प्राध्यापक, कंत्राटदार, बागायतदार अशा सगळ्यांच्याच गाड्यांना हा डोळा आला.

सुरुवातीला मला त्याची एकच अडचण वाटायची : तो घसाऱ्याच्या कुठल्या रकान्यात टाकायचा? आमच्या तक्त्यात रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांना ५० टक्के घसारा, फायबर ग्लासला ३०, काचेला शून्य, आणि उरलेल्या सुट्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत शून्यापासून दहा वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत. इलेक्ट्रॉनिक्सचा रकानाच नाही. पेटीचं कवच प्लास्टिकचं म्हणून निम्मे पैसे कापायचे, की आतला प्रोसेसर धरून वयाप्रमाणे? घसारा कापू न देणारं झिरो डेप कव्हर घेतलेला ग्राहक असेल तर हा वाद मिटतो, नसेल तर चांगलाच पेटतो. मी वयाचा रकाना धरतो. प्लास्टिक धरणारे सहकारीही आहेत. सांगायचं इतकंच, की तेव्हा माझं सगळं डोकं त्या पेटीच्या किमतीत अडकलेलं होतं. रक्कम पाच आकडी, त्यामुळे अडकणारच.

मत बदलायला सुरुवात झाली ती एका ठोकरीच्या गाडीवरून. ऊस भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली आणि तिच्यावर रात्री मागून आदळलेली एसयूव्ही. आमच्याकडे दर हंगामात असे क्लेम येतात. बंपर, ग्रिल, डावा हेडलॅम्प, बॉनेट. एअरबॅग उघडल्या नव्हत्या, पुढची काच शाबूत होती. तरी एस्टिमेटात कॅमेरा होता. गॅरेजमालकाने स्कॅनरची प्रिंट पुढे केली. ब्रेकचं मॉड्यूल म्हणत होतं कॅमेऱ्याशी संपर्क नाही, स्टिअरिंगचं तेच म्हणत होतं, मीटरचंही तेच. “तिघं जण एकच सांगतायत साहेब, आता अजून काय पुरावा पाहिजे?” जुन्या नियमाप्रमाणे मी हे पास केलं असतं. वस्तू होती, कारण होतं, कागद होता.

त्या गॅरेजमध्ये वायरिंगचं काम करणारे एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही. ते बाजूला दुसऱ्या गाडीचा स्टार्टर खोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “साहेब, कॅमेरा मेला म्हणायच्या आधी त्याला जेवायला मिळतंय का ते तर बघू द्या.”

पुढचा तास-दीड तास मी तिथेच बसून राहिलो, माझी पुढची भेट रद्द करून. तिघा मॉड्यूलांची तक्रार हा चाचांच्या लेखी कॅमेरा मेल्याचा पुरावा नव्हताच. तिघांना त्याचा आवाज ऐकू येत नाही, एवढंच त्यातून कळतं. तो बोलतच नसेल, बोलत असेल पण तार तुटली असेल, किंवा त्याला करंटच पोचत नसेल. फॉल्ट कोड ‘यू’ अक्षराने सुरू झाला की तो नेटवर्कचा, म्हणजे संभाषणाचा दोष. ‘सी’ने सुरू झाला तर चासीचा, ‘बी’ने बॉडीचा, ‘पी’ने इंजिन-गिअरचा. प्रिंटवरचे सगळे कोड ‘यू’चे होते. खुद्द कॅमेऱ्याने स्वतःच्या आत बिघाड झाल्याची एकही तक्रार नोंदवलेली नव्हती.

आधी बॅटरी. ठोकर बसल्यापासून गाडी उभी, दार नीट लागत नव्हतं, आतला दिवा जळत राहिलेला. व्होल्टेज इतकं उतरलं होतं की अशा वेळी निम्मी मॉड्यूलं काहीबाही बरळतात. चार्जर लावून कोड पुसले तर बरेचसे गेले, कॅमेऱ्याचे राहिले. मग बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये त्यांनी रेझिस्टन्स मोजला. कॅन, म्हणजे मॉड्यूलांना एकमेकांशी जोडणारं नेटवर्क, त्याच्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून दोन्ही टोकं शाबूत असली की मीटर ६० दाखवतो. १२० दाखवला तर कुठेतरी एक टोक सुटलं. इथे ६० आला. मी म्हटलं, मग तारा चांगल्या आहेत. चाचा म्हणाले, “ही या सॉकेटची लाइन झाली. कॅमेऱ्याची लाइन गेटवेच्या पलीकडे आहे. तिथे जाऊन वेगळी बघावी लागेल.” ती पाहिली, तीही बरोबर निघाली.

राहिला पुरवठा. कॅमेऱ्याचं कव्हर काढून कनेक्टरवर मल्टिमीटर लावला तर बारा व्होल्टच्या वर, अगदी झकास. मला वाटलं, संपलं, कॅमेराच गेला. चाचांनी मीटर बाजूला ठेवला आणि खिशातून टेस्ट लॅम्प काढला. तो लावला तर मिणमिणता उजेड. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, म्हणून गंजलेल्या सांध्यापलीकडेही तो पुरं व्होल्टेज दाखवतो. खरा भार टाकला की सांधा उघडा पडतो. आरशाच्या वरचं अस्तर खाली ओढल्यावर तो सापडला. डॅशकॅम बसवताना कुणीतरी त्याच वायरीला क्लिप चावून जोड दिला होता, तांब्याचे निम्मे तंतू कापले गेले होते आणि उरलेले हिरवे पडले होते.

एवढ्यावर मी उठलो असतो, पण चाचांनी स्कॅनरवर आणखी एक पान उघडून दाखवलं. त्या गाडीत प्रत्येक कोडच्या मागे तो पहिल्यांदा कधी आला याची किलोमीटरसकट नोंद होती. कॅमेऱ्याचा कोड अपघाताच्या बराच आधी, शेकडो किलोमीटर मागे, पडून गेलेला होता. येत-जात असणार, मालकाने लक्ष दिलं नाही.

आता विम्याच्या दृष्टीने हे फार मोठं पान आहे. पॉलिसीत अपघाताने झालेलं नुकसान देय आहे, आपोआप झालेला यांत्रिक किंवा विजेचा बिघाड देय नाही. त्यामुळे ‘कॅमेरा बंद आहे’ हे वाक्य मला काहीच सांगत नाही. तो कशाने बंद आहे आणि कधीपासून, यावर क्लेम उभा राहतो किंवा पडतो. सांधा नीट केल्यावर कोड पुसले, गाडी फिरवून आणली, ते परत आले नाहीत. नवा कॅमेरा बसवला असता तर तोही त्याच कुजक्या सांध्यावर काही दिवस चालला असता आणि पुन्हा रुसला असता. मी कॅमेऱ्याची ओळ कापली. आनंदाने कापली, आणि खाली चक्क अर्धं पान कारण लिहिलं.

त्यानंतर मी स्कॅन रिपोर्ट मागायला लागलो, गाडी हातात आल्याबरोबरचा. आणि स्वतःच्या डोळ्यांनी काच पाहायला लागलो. गंमत म्हणजे ‘कॅमेरा बंद’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत कॅमेऱ्यासमोर फास्टॅग चिकटवलेला असतो. टोलसाठी तो काचेच्या मधोमध, वर, आरशाजवळ लावायचा असतो आणि कॅमेराही नेमका तिथूनच पाहतो. जुना टॅग खरवडला, त्याचा चिकटा तसाच ठेवला, नवा दोन बोटं सरकवून लावला, की आला मेसेज. काहींनी सोसायटीच्या पार्किंगचा स्टिकर तिथे लावलेला असतो. डॅशबोर्डवरच्या चकचकीत मूर्तीचं काचेत प्रतिबिंब पडतं तेही भिंगाला आडवं येतं, पण हे मालकाला सांगताना मी फार जपून शब्द वापरतो. आमच्याकडचा मे महिना ही वेगळीच बाब. बंद गाडी दुपारभर उन्हात तापली की काचेला चिकटलेली ती पेटी भाजून निघते आणि कॅमेरा स्वतःहून बंद होतो; मीटरवर ‘तात्पुरता उपलब्ध नाही’ असं येतं, एसी लावून गाडी थोडी चालली की परत येतो. ‘तात्पुरता’ आणि ‘बिघाड, सर्व्हिस सेंटरला जा’ हे दोन वेगळे मेसेज आहेत. लोक दोन्हींचा फोटो न काढता ‘काहीतरी लाल-पिवळं आलं होतं’ एवढं सांगतात.

इथवर माझं निम्मंच मत बदललं होतं. पार्टाकडे संशयाने पाहायला शिकलो होतो, पण कॅलिब्रेशन अजूनही कापतच होतो. माझा युक्तिवाद मला फार पक्का वाटायचा. काच बदलली, तोच कॅमेरा त्याच ब्रॅकेटात परत बसवला, मीटरवर दिवा नाही, स्कॅनरवर कोड नाही. मग कसलं कॅलिब्रेशन? गाडी स्वतःच सांगते आहे की सगळं ठीक आहे.

हा युक्तिवाद मोडला तो एका ओळखीच्या प्राध्यापकांच्या गाडीने. हायवेवर दगड उडून त्यांची पुढची काच तडकली होती. त्यांनी क्लेम केला नाही, कारण क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो, आणि एका काचेपायी तो घालवायला कुणी तयार होत नाही. (काही कंपन्यांत काचेपुरता बोनस वाचवणारं ॲड-ऑन मिळतं. ते घेताना कुणाला आठवत नाही.) त्यांनी बाजारातून काच बसवली, काम स्वच्छ होतं, पाणी गळत नव्हतं. पण लेन असिस्ट चालू केलं की गाडी डाव्या रेघेला चिकटून चालते, अशी त्यांची तक्रार. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. दोन्हीकडे स्कॅनर लावला, कोड नाही, ‘सर, तुमचा भास आहे’ असं सांगून परत पाठवलं. मलाही तो भासच वाटला. तरी त्यांच्या समाधानासाठी मी त्यांना चाचांकडे घेऊन गेलो.

चाचांनी हात लावला नाही. म्हणाले, “साहेब, कॅमेऱ्याला दिसतंय की नाही, एवढंच तो सांगू शकतो. सरळ दिसतंय की वाकडं, हे त्याचं त्याला कसं कळणार? ब्रॅकेट नव्या काचेवर आलंय. ते कुणी मोजलं?”

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा, त्रिकोणमिती अगदीच विसरलेलो नाही. कॅमेरा आडवा एक अंश फिरलेला असेल तर १०० मीटरवर तो पावणेदोन मीटर चुकतो. आपल्या हायवेची एक लेन साडेतीन मीटरची. म्हणजे बरोबर अर्धी लेन. मग उभी चूक पाहिली. एका भिंगाचा कॅमेरा अंतर मोजतो तो इतर खुणांबरोबर या खुणेवरून, की पुढच्या गाडीची चाकं क्षितिजाच्या किती खाली रस्त्याला टेकलेली दिसतात. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर धरला तर ५० मीटरवरची गाडी क्षितिजाखाली जेमतेम दीड अंशावर दिसते. कॅमेरा अर्ध्या अंशाने खाली झुकला आहे आणि ते कुणी त्याला सांगितलेलं नाही, तर ती गाडी त्याला एका अंशावर दिसेल आणि हिशोबाने ७५ मीटरवर वाटेल. उलट झुकला तर ३७ मीटर. अर्ध्या अंशाची चूक, आणि अंतर दीडपट. ब्रॅकेटच्या एका टोकाखाली गोंदाचा एक थर जास्त बसला तरी अर्धा अंश भरतो.

प्रत्यक्षात इतकं भाबडं गणित कुणी गाडीत घालत नाही, हे मला माहीत आहे. चाकांच्या जागेबरोबर गाडीची रुंदी, ती चित्रात किती वेगाने मोठी होते आहे, रडार असेल तर त्याचं माप, या सगळ्यांचा मेळ घातला जातो. बरेच कॅमेरे चालता चालता लेनच्या रेघांवरून आपला झुकाव शिकून थोडंफार सावरूनही घेतात. पण ते एका ठराविक मर्यादेत. मर्यादेच्या आत असेपर्यंत कोड येत नाही आणि दिवा लागत नाही. माझा इतक्या वर्षांचा भरवसा त्या न लागलेल्या दिव्यावर होता.

यात एक विचित्र गोष्ट आहे. नवा कॅमेरा बसवला तर तो कोरा असतो. गाडीचा चासी नंबर आणि तिच्यातल्या सोयी त्याच्यात कोडिंग करून भराव्या लागतात, आणि कॅलिब्रेशन होईपर्यंत तो मीटरवर बोंब मारत राहतो. भंगारातला आणून बसवलेला तर अनेकदा दुसऱ्या गाडीच्या नंबराला बांधलेला असल्यामुळे बोलतच नाही. म्हणजे कॅमेरा बदलण्याच्या मोठ्या कामात हयगय लपत नाही. लपते ती काच बदलण्याच्या लहान कामात, जिथे तोच ओळखीचा कॅमेरा बऱ्याच गाड्यांत काही न बोलता काम सुरू करतो. मी नेमकं जिथे कापत होतो, तिथेच.

प्राध्यापकांची गाडी शेवटी एका वर्कशॉपात गेली, जिथे टार्गेट बोर्ड होता. मी सोबत गेलो, माझ्या खर्चाने, कुणाचा क्लेम नसताना. बोर्ड म्हणजे ठराविक नक्षीचा फलक. तो गाडीसमोर ठराविक उंचीवर, ठराविक अंतरावर, मिलिमीटरच्या हिशोबाने उभा करायचा आणि स्कॅनरवरून कॅमेऱ्याला सांगायचं, की हे जे दिसतंय ते अमुक ठिकाणी आहे, त्यावरून तुझं वाकडेपण काढ. हे पाच मिनिटांचं काम. बाकी सगळा वेळ त्याआधीच्या तयारीत गेला. आधी व्हील अलाइनमेंट, कारण गाडी मागच्या चाकांच्या रोखाने जाते. मागचा ॲक्सल तिरका असेल तर बॉडी एकीकडे तोंड करून गाडी दुसरीकडे चालते, आणि कॅमेऱ्याला बॉडीचा नव्हे, चालीचा रोख पाहिजे. टायरांत नेमकी हवा. डिकी रिकामी, प्राध्यापकांची पुस्तकांची दोन खोकी बाहेर काढली. गाडीत कुणी बसायचं नाही. मग पुढच्या लोगोखालून आणि मागून ओळंबे सोडून जमिनीवर गाडीची मध्यरेषा आखली. हो, ओळंबा, गवंडी वापरतो तोच. मी त्या पोराला विचारलं, लेझर नाही का? म्हणाला, आहे, पण कंपनीच्या पुस्तकात दोरी आणि वजन लिहिलंय, आणि ते कधी खोटं बोलत नाही.

फलकाच्या मागे भिंत साधी पाहिजे. कॅलेंडर, टायर कंपनीचं पोस्टर, खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप, काही चालत नाही. गाडीच्या पुढे आणि बाजूला कितीतरी मीटर जागा मोकळी, आणि तेवढ्या सगळ्या जागेत फरशी सपाट. ‘पार्ट नाही, मग एवढे पैसे कसले’ असं मी जे दर वेळी लिहीत होतो, त्याचं उत्तर त्या जागेत होतं. दोन-तीन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा अर्धा दिवस अडते. जालना रोडवर त्या जागेचं भाडं काय असतं, ते मला कुणी सांगायची गरज नाही.

काम झाल्यावर स्कॅनरने आधीचा आणि नंतरचा झुकाव दाखवला. आधीचा आकडा मर्यादेच्या आत होता, पण अगदी काठाला टेकलेला. प्राध्यापकांनी गाडी नेली आणि दोन दिवसांनी फोन करून सांगितलं, की आता मधून चालते. मी त्यांना भास म्हणालो होतो हे ते विसरले नव्हते. त्यांनी त्याची आठवण करून दिली.

काही गाड्यांना फलक लागत नाही, रस्ता लागतो. स्कॅनर जोडायचा, ठराविक वेगात, स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर गाडी चालवत राहायची, कॅमेरा रेघा पाहून शिकतो. आमच्या शहरात हे होणं नाही. क्रांती चौकात लेनची रेघ शोधणाऱ्या कॅमेऱ्याची मला कीव येते. म्हणून गाड्या समृद्धी महामार्गावर नेतात. सावंगीला चढायचं आणि पुढच्या एखाद्या इंटरचेंजला उतरून परत यायचं. पूर्वी एखाद्या बिलासोबत टोलची नोंद जोडलेली आली की मी हसायचो. गाडी दुरुस्तीच्या बिलात टोल! आता रस्त्यावरचं कॅलिब्रेशन म्हणून पैसे मागितले असतील तर मी ती नोंदच मागतो. फास्टॅगच्या मेसेजवर वेळ असते, आणि रिपोर्टवरच्या वेळेशी ती जुळली पाहिजे.

कारण गॅरेजवाले काही संत झालेले नाहीत. ‘कॅलिब्रेशन पास होतंय’ ही बातमी फिरली तशी ज्या गाडीला कॅमेराच नाही तिच्या एस्टिमेटातही ही ओळ यायला लागली. एकाने रस्त्यावर गाडी चालवून काम केल्याचा रिपोर्ट दिला, त्यावर सुरुवातीचं आणि शेवटचं किलोमीटर एकच. दुसऱ्याच्या रिपोर्टवर गाडीचा चासी नंबर भलत्याच गाडीचा. त्यामुळे माझ्या मागण्या ठरलेल्या आहेत : दुरुस्तीआधीचा स्कॅन, नंतरचा स्कॅन, अलाइनमेंटची प्रिंट, कॅलिब्रेशनचा रिपोर्ट, आणि चारही कागदांवर एकच चासी नंबर. काम हातात धरता येत नाही, ही माझी जुनी तक्रार होती. ती या कागदांनी बरीचशी मिटली. हे कागद तेव्हाही निघत होते. मी मागत नव्हतो.

माझं मत कॅमेऱ्याच्या कामाबद्दल बदललं, एकूण ॲडासबद्दल तितकंसं नाही. युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला आपोआप लागणारा ब्रेक आणि लेन सांभाळणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे, आणि तिथले रस्ते पाहता ते समजतं. माझ्या स्वतःच्या गाडीत लेन असिस्ट आहे, ते मी सिल्लोडच्या रस्त्याला लागलो की बंद करतो. उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल, रस्त्यात वाळत घातलेला मका, मध्येच संपणारा पट्टा, यांच्यात ते सतत माझा हात ओढतं. ब्रेकचं मात्र कधीच बंद करत नाही. लेनवरून कॅमेऱ्याशी भांडायला माझ्याकडे वेळ असतो, ब्रेकच्या वेळी तो नसतो. आणि ब्रेक कॅमेऱ्याच्या मापावर लागणार असेल तर ते माप कुणीतरी घेतलेलं असावं, एवढाच माझा आग्रह आहे.

ग्राहकांना मी आता एक गोष्ट आवर्जून सांगतो. काचेचा क्लेम असेल तर काम सुरू होण्याआधी कंपनीला मेल करा, की काच बदलल्यावर उत्पादकाच्या पद्धतीप्रमाणे कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन लागणार आहे, ते मंजूर आहे का. उत्तर लेखी घ्या. नंतर बिल आलं की डेस्कवरचा माणूस पूर्वीच्या माझ्यासारखा असू शकतो.

चाचांनी मध्यंतरी त्यांच्या शेडची फरशी मोजली. गाड्या धुतल्यावर पाणी गटारीकडे जावं म्हणून गॅरेजच्या फरशीला मुद्दाम ढाळ दिलेला असतो. त्यांच्या शेडला तो चांगला दणदणीत आहे, आणि अशा जमिनीवर बोर्ड उभा करून काही उपयोग नाही. त्यांचा जावई म्हणतो, मागच्या बाजूला एक बे उखडून सपाट करू, बोर्ड आणि नवा स्कॅनर कर्जावर घेऊ. गवंड्याने भाव दिला आहे. परवा चाचांनी मला बोलावून घेतलं, चहा मागवला आणि सरळ विचारलं, “साहेब, फरशी मी करतो. बिलं तुम्ही पास करणार ना?”

मी म्हटलं, “चाचा, कागद पूर्ण असतील तर मी करीन. पण तुमच्याकडच्या निम्म्या फाइली दुसऱ्या सर्व्हेअरकडे जातात. त्यांचं मला सांगता येणार नाही.”

“मग त्यांना एकदा घेऊन या की इथं,” ते म्हणाले.

दोघांना फोन केला आहे. एक येतो म्हणाला.